तुरीत वाघ आणि धुऱ्यावर माणसं

गावात जनावर शिरल्याचा फोन आला की आम्ही वनखात्यातली माणसं आधी जनावराची चौकशी करत नाही. "लोक किती जमले?" हे विचारतो. जनावर काय करेल याचा अंदाज नोकरीत हळूहळू येत जातो. बिबट्या अंधारा कोपरा धरतो, अस्वल भ्यालं की अंगावर येतं, वाघाला वाट मोकळी ठेवली तर तो बहुतेक वेळा वाटेनं जातो. पण त्यांच्याभोवती जमलेली माणसं काय करतील, हे मला पंचवीस वर्षं कळलं नाही. आणि आपल्याला कळत नाही, हेही कळलं नव्हतं.

मी वनपाल होतो. रेंजरच्या खाली आणि गार्डांच्या वर. चार-पाच गार्डांचे जंगलाचे तुकडे मिळून एक राउंड होतो, म्हणून गावातले लोक आम्हाला राउंडसाहेब म्हणतात. कागदावर आमचं काम झाडं, रोपं, लाकूड, आग आणि वन्यप्राणी. माणसं त्या यादीत नाहीत. मी मूळचा दिग्रसकडच्या एका बंजारा तांड्यातला. आमचे पूर्वज बैलांवर माल लादून गावोगाव हिंडायचे, आणि परक्या गावात शिरताना आधी माणसं कशी आहेत ते बघायचे, असं आजोबा सांगत. खाकी अंगावर चढल्यावर मी नेमकं तेच विसरलो.

आधी माझ्या चुकीचं सांगतो.

नोकरीची पंधरा-सोळा वर्षं झाली होती. एका गावात सकाळीच अस्वल शिरलं आणि शाळेच्या खोलीत घुसलं. सुट्टीचा दिवस होता म्हणून निभावलं. कोणीतरी हिंमत करून बाहेरून कडी लावली. आम्ही सहाजण जीपनं पोचलो तेव्हा चारपाचशे माणसं शाळेच्या अंगणात होती. खिडकीशी झोंबत होती, पत्र्यावर चढत होती. आम्ही ओरडलो, शिट्ट्या वाजवल्या. कोणी हललं नाही, तेव्हा काठ्या चालवल्या.

त्या गर्दीत दौलतबुवा नावाचे एक म्हातारे होते. गावात त्यांना मान होता. आम्ही येण्याच्या आधीपासून ते दोन्ही हात पसरून लोकांना मागे ढकलत होते, शिव्या घालत होते, घरी जा म्हणत होते. त्यांची पाठ लोकांकडून येणाऱ्या रेट्यानं आमच्याकडे सरकत सरकत आली. मला फक्त एक पाठ आणि पसरलेले हात दिसले. मी काठी मारली. ती त्यांच्या कोपरावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

मग दगड आले. आतापर्यंत ज्यांनी आमच्याकडे पाहिलंही नव्हतं, जे आपसात जागेवरून भांडत होते, ते सगळे एका झटक्यात एक झाले आणि आमच्यावर आले. जीप उलटली. त्या गोंधळात खोलीचं दार मोडलं, अस्वल बाहेर पडलं, दोघांना त्यानं फाडलं, आणि लोकांनी अस्वलाला मारून टाकलं. दोघं जखमी वाचले. दौलतबुवांचा हात पुढं कधी सरळ झाला नाही.

अहवाल मी लिहिला. त्यात "जमाव अचानक बेकाबू झाला" असं वाक्य आहे. आमच्या खात्यात, आणि माझ्या अंदाजानं इतरही खात्यांत, हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. काठी मी मारली आणि जो माणूस आमचंच काम करत होता त्याला मारली, हे मी लिहिलं नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी यवतमाळला आमचं दोन दिवसांचं प्रशिक्षण लागलं. प्रशिक्षण म्हणजे जेवण बरं असतं एवढ्याच अपेक्षेनं आम्ही जातो. शिकवायला इंगळे मॅडम म्हणून मानसशास्त्राच्या एक प्राध्यापिका होत्या. बारीक चणीच्या, आवाज मऊ. या बाईंनी गर्दी म्हणजे काय ते कधी पाहिलं असेल, असं आम्ही आपसात बोललो.

दारात त्यांनी प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली. काही पांढऱ्या, काही पिवळ्या. पांढरे खिडकीकडे, पिवळे भिंतीकडे बसवले. अकरा वाजता चहा आला तो पिवळ्यांना. सोबत बिस्किटं. आम्हा पांढऱ्यांना सांगितलं की कप कमी पडले, येतो थोड्या वेळात. आला नाही. बारा वाजेपर्यंत आमच्या बाजूला "हे पिवळेवाले" अशी भाषा सुरू झाली होती. समोर बसलेला एक वनपाल माझा वीस वर्षांचा दोस्त, पण तो बिस्किट खाताना हसला तेव्हा मला त्याचा मनापासून राग आला. सव्वाबाराला आमच्यातला एकजण उठून भांडायला लागला. तेवढ्यात दार उघडून एक अनोळखी माणूस आत आला आणि खेकसला, की आवाज बंद करा नाहीतर हॉल रिकामा करा. चाळीसच्या चाळीसजण त्याच्यावर तुटून पडलो. पांढरे कोण, पिवळे कोण, सगळं विसरलो.

मॅडम हसत होत्या. तो माणूस त्यांच्याच कॉलेजातला शिपाई होता.

मग त्यांनी समजावून सांगितलं. गर्दीत माणसाची बुद्धी जाते असं आपण धरून चालतो, ते खरं नाही. गर्दीत माणूस "मी" न राहता "आम्ही" होतो, एवढंच. आता हा आम्ही कोणता, ते ठरलेलं नसतं. एकाच गर्दीत दुःखातले असतात, रागातले असतात, नुसते बघे असतात, मदत करणारेही असतात. तुम्ही सगळ्यांना एकाच काठीनं हाकललं की हे सगळे मिळून एकच आम्ही होतात, आणि तो तुमच्या विरुद्धचा असतो. म्हणून आधी वेगवेगळी माणसं ओळखा. त्यांना काय हवंय ते विचारा, त्यातलं जे रास्त असेल ते होण्यासाठी त्यांना हात द्या. माहिती देत राहा, कारण माहिती नसली की तिची जागा अफवा घेते. आणि गर्दीला गर्दीतलेच लोक आवरू शकतात, बाहेरचा नाही.

जेवणानंतर मी त्यांना एकटं गाठून अस्वलाची हकिकत सांगितली. पहिल्यांदाच पूर्ण सांगितली, काठीसकट. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"त्या बुवांनाच का मारलंत?"

"ते समोर होते, मॅडम."

आम्ही परत हॉलमध्ये गेलो.

यानंतर माझी बदली झरी जामणी तालुक्यात झाली. नोकरीची शेवटची काही वर्षं उरली होती. जंगलाला लागून शेतं, मधेमधे कोलामांचे पोड, म्हणजे त्यांच्या दहा-वीस घरांच्या वस्त्या. माझ्या राउंडातल्या एका गावाची रचना अशी होती, की रस्त्याच्या अलीकडं मूळ गाव, पलीकडं आमच्या लोकांचा तांडा, आणि नाल्याच्या अंगाला कोलाम पोड. तिघांचं तसं बरं होतं, पण तिघं कधी एका ठिकाणी जमत नसत.

डिसेंबरातली सकाळ. कापूस वेचणीचे दिवस. साडेनवाला माझा गार्ड रामटेके याचा फोन आला. पोडातली लक्ष्मीबाई टेकाम कापूस वेचत असताना वाघानं तिला धरलं आणि शेजारच्या तुरीत ओढून नेलं. वाघ अजून तुरीतच होता.

मी विचारलं, लोक किती?

"शंभरेक हायेत साहेब. पण येऊन राह्यले."

मी पोचलो तेव्हा दोनशेच्या वर होते. तूर माणसाच्या उंचीची, दोन-तीन एकर सलग, आतलं काही दिसत नव्हतं. लोकांच्या हातात कुऱ्हाडी, विळे, काठ्या. रेंजरसाहेब बैठकीसाठी यवतमाळला गेलेले, त्यांना यायला दोन-तीन तास लागणार होते. वाघाला बेशुद्ध करणारं पथक त्याहून उशिरा येणार. फोनवर हुकूम मिळाला, की पोलीस येताहेत, तोपर्यंत जमाव मागे ढकला.

आम्ही चौघं होतो. चौघांच्या हातात काठ्या. मी माझी काठी जीपमध्ये टाकली आणि बाकीच्यांनाही टाकायला सांगितलं. रामटेके धीट माणूस, पण तोही थबकला.

"रिकाम्या हातानं, साहेब?"

मी म्हटलं, चार काठ्यांनी दोनशे माणसं थांबणार नाहीत, चिडतील मात्र नक्की. मला तो कोपराचा आवाज आठवत होता.

धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, लक्ष्मीबाईचा नवरा माधव बसला होता. तिची कापसानं अर्धी भरलेली झोळी त्याच्या मांडीवर. तो रडत नव्हता, तुरीकडं बघत होता. त्याच्या बाजूला शेवंताबाई उभी होती. पन्नाशीची, अंगणवाडीत मदतनीस, पोडातल्या बायांचा तिच्यावर विश्वास. सकाळी ती लक्ष्मीबाईच्या शेजारच्याच तासात, म्हणजे ओळीत, वेचत होती. तिनं सगळं डोळ्यानं पाहिलं होतं. तिच्या हातात विळा होता.

मी तिच्यासमोर गेलो. तिनं माझ्या डोळ्यात बघत, आवाज न चढवता सांगितलं, "आठ दिस झाले तुमाले सांगून. पाऊल दाखवलं होतं मी. तुमी बोर्ड लावला अन् गेले."

हे अक्षरशः खरं होतं. नाल्याच्या चिखलात तिनंच मला वाघाचं पाऊल दाखवलं होतं. मी "वाघाचा वावर आहे, सावध राहा" असा बोर्ड लावला, कॅमेरे बसवण्याची परवानगी मागणारं पत्र पाठवलं, आणि पुढच्या कामाला लागलो. वेचणीच्या दिवसांत बोर्ड वाचून कोणी घरी बसत नाही, हे मला ठाऊक होतं. तिघी-चौघींनी एकत्र वेचावं, सोबत राखणीला माणूस द्यावा, हे करता आलं असतं. मी केलं नाही.

तिच्यामागं माणसं दाटली होती. मी काय म्हणतो याकडं सगळ्यांचे कान. रामटेकेच्या हातून भोंगा घेतला आणि जे तोंडात आलं ते बोललो. "शेवंताबाईंनी मला आठ दिवसांआधी पाऊल दाखवलं होतं. मी बोर्ड लावला, त्याच्यापुढं काही केलं नाही. चूक माझी आहे. राग करा, तो बरोबर आहे. पण आता लक्ष्मीबाईला बाहेर कसं काढायचं ते मला तुमच्याशिवाय जमणार नाही."

असं बोलायचं मी ठरवलं नव्हतं. मागून कोणीतरी मला मारा म्हणालं. दुसरं कोणी त्याला गप म्हणालं. आणि तेवढ्या त्या "गप"नं मला पुढं जायला वाट दिली.

मी माधवजवळ खाली बसलो आणि त्याला काय पाहिजे ते विचारलं. त्यानं झोळीचं तोंड मुठीत धरलं.

"तिले तथी एकटी ठेवू नोका."

एवढंच. तेव्हा मला कळलं, की हे लोक वाघ मारायला आलेले नव्हते. निदान अजून तरी नव्हते. त्यांना त्यांची बाई परत हवी होती, आणि आम्हाला हुकूम होता तो नुसता त्यांना मागे ढकलण्याचा. मी माधवला आणि शेवंताबाईला शब्द दिला, की वाघ हलल्याबरोबर लक्ष्मीबाईला पोडातल्या बायाच हात लावतील, आम्ही नुसते सोबत जाऊ, आणि तोवर आमच्यातलं कोणी हे शेत सोडणार नाही.

मग कामं वाटली. गावाकडचा धुरा गावातल्या लोकांनी सांभाळायचा ठरला. रस्त्याकडची बाजू तांड्यानं. तांड्याचे गणपत नायक साठीचे, फेटा बांधून आलेले. त्यांच्याशी मी आमच्या गोर बोलीत बोललो तर त्यांनी आधी माझं गाव, मग आजोळ विचारलं, आणि मगच मान हलवली. नाल्याची बाजू कोणाला द्यावी असं मी म्हणत होतो, तर शेवंताबाईनं मला अडवलं.

"तथी कोणीच नोका उभं राहू. त्याची वाट नाल्यानंच हाय. वाट बुजवली तर तो जाईन कुठं?"

बत्तीस वर्षांच्या नोकरीवाल्याला जे आधी सुचायला हवं होतं, ते जिची मैत्रीण दोन तासांपूर्वी गेली त्या बाईला सुचलं.

दर पंधरा मिनिटांनी मी भोंग्यावर बोलायचं ठरवलं. सांगायला काही नसलं तरी. पथक कुठवर आलं, वाघ हलला की नाही, पुढं काय करणार आहोत. कितीतरी वेळा "अजून काही नवं नाही" एवढंच सांगितलं. लोक तेवढ्यावरही शांत होत होते. आणि मी लोकांकडं तोंड करून उभा राहत होतो. तुरीकडं नजर ठेवायचं काम रामटेकेचं. वाघाकडं पाठ करणं सोपं नसतं, पण माझं काम माझ्यासमोर होतं.

बारापर्यंत हजार-दीड हजार माणसं झाली. वणीकडून, पांढरकवड्याकडून मोटरसायकली येत होत्या. हातात मोबाईल, वाघ दिसतो का म्हणून माना उंच. मला धास्ती याच लोकांची होती. पण त्यांना मी काही म्हणण्याआधी धुऱ्यावरचेच लोक सांगायला लागले, इथवरच, पुढं नाही, खाली बसा, आमच्या घरचं माणूस गेलं आहे. खाकीतल्या माझं त्यांनी ऐकलं नसतं. बनियनवर उभ्या असलेल्या गावकऱ्याचं ऐकलं.

साडेबाराला पाच-सहाजण प्लास्टिकच्या डबकीत पेट्रोल घेऊन आले. कुठले, कोणालाच ठाऊक नव्हतं. तूर पेटवून द्या, वाघ आपोआप मरतो, असं ते मोठमोठ्यानं सांगू लागले. इतका वेळ बसलेल्यांतले काही उठले. दोघं-तिघं व्हय व्हय म्हणायला लागले. सकाळपासून पहिल्यांदा मला ती जुनी हवा जाणवली, दगड येण्याच्या आधीची. मी भोंगा तोंडाशी नेला, पण शेवंताबाई आधीच चालत त्यांच्यासमोर गेली होती. विळा तिनं कधीच कमरेला खोचला होता.

"आत आमची बाई हाये," ती म्हणाली. "तिले जाळता काय?"

त्यातल्या एकानं डबकी खाली ठेवली. बाकीचे उगाच इकडं-तिकडं बघायला लागले. गणपत नायकांनी तांड्यातल्या दोघांना खूण केली, त्यांनी ती डबकी उचलून जीपमध्ये आणून ठेवली. भांडण नाही, धक्का नाही. ते पाच-सहाजण थोड्या वेळानं खाली बसले, आणि मी नीट बघत होतो, ते शेवटपर्यंत बसून होते.

पोलिसांची गाडी यानंतर आली. हेल्मेट, ढाली, सगळं घेऊन. फौजदार तरुण होते. मी धावत पुढं गेलो आणि गाडी रस्त्याच्या वळणामागंच ठेवण्याची विनंती केली. त्यांनी माझ्याकडं नाही, माझ्या मागं बघितलं. दीड हजार माणसं, बहुतेक बसलेली, मधून जायला वाट सोडलेली, नाल्याचं तोंड मोकळं. मग हेल्मेट गाडीत ठेवायला सांगितलं, आणि त्यांची माणसं गाडीतला पाण्याचा कॅन घेऊन लोकांना पाणी द्यायला लागली.

एक गोष्ट मला सकाळपासून खात होती. गर्दीच्या मागं, साठेक पावलांवर, बिनकठड्याची विहीर होती. पुढचे घाबरून मागे पळाले असते, तर वाघानं एक माणूस नेलं तिथं विहिरीनं किती नेली असती, याचा विचार करवत नव्हता. तिथं मी एक गार्ड उभा केला होता, पण पळणाऱ्या गर्दीपुढं एक गार्ड म्हणजे काहीच नाही.

आणि तेच होणार असं वाटलं. एकच्या सुमाराला, रेंजरसाहेब आणि पथक अजून वाटेतच असताना, तुरीतून वाघाची डरकाळी आली. ती कानापेक्षा छातीत ऐकू येते. सगळी गर्दी एकदम उभी झाली. पहिल्या रांगा मागं सरल्या, मागच्यांवर रेटा आला, कोणाचं तरी लेकरू रडलं. भोंगा माझ्या हातातच राहिला.

शेवंताबाई खाली बसली.

ती काही ओरडली नाही. पदर सारखा करून जमिनीवर बसली, तुरीकडं तोंड करून, वाघापासून सगळ्यांत जवळ. तिच्या शेजारची बसली. मग पोडातल्या साऱ्या बाया बसल्या. माधव बसलेलाच होता. मग गावाकडची रांग, मग तांड्याची, मग मागचे, त्यांच्या मागचे. वारा कापणीला आलेल्या गव्हावरून जातो तशी माणसं पुढून मागं बसत गेली. विहिरीकडं गेलेला रेटा आपोआप विरला. बसलेला माणूस पळत नाही, चेंगरत नाही. हे मला कोणत्याही प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं आणि तिलाही कोणी शिकवलेलं नव्हतं.

मग इतकी शांतता झाली की तुरीच्या शेंगा एकमेकींवर घासल्याचा आवाज येत होता. रामटेके माझ्या पाठीमागून हळूच म्हणाला, "निघाला साहेब. नाल्याकडं."

मी वळलो नाही. दीड हजार चेहरे माझ्यासमोर होते आणि ते सगळे मिळून, एका वेळी, डावीकडून उजवीकडं वळत होते. सावकाश. वाघ कुठं पोचला ते मला त्या वळणाऱ्या मानांवरून कळत होतं. तुरीच्या काठाला, मग उघड्या जमिनीवर, मग नाल्याच्या उतारावर. तिथं तो थांबला असणार, कारण सगळ्या माना थांबल्या. ज्यांच्या हातात दगड होते त्यांच्या हातात दगड तसेच राहिले. माधव बघत होता. ज्यानं त्याची बायको नेली, तो त्याच्यासमोरून चालत होता, आणि तो नुसता बघत होता. नंतर माना पुन्हा हलल्या, आणखी थोड्या, आणि मग कोणीतरी श्वास सोडला तो सगळ्यांनी सोडल्यासारखा ऐकू आला.

रामटेके म्हणाला, गेला, जंगलात उतरला.

तुरीत आधी मी आणि रामटेके शिरलो, आमच्यामागं शेवंताबाई आणि पोडातल्या चौघी. आत काय पाहिलं ते लिहीत नाही. बायांनी चारी बाजूंनी लुगड्यांचा आडोसा धरला. पोडातून खाट आणली होती. तिच्यावर लक्ष्मीबाईला झाकून बाहेर आणलं तेव्हा सगळे लोक उभे राहिले, आणि कोणी न सांगता मधून वाट झाली. बाहेरून आलेल्या दोघा-तिघांनी मोबाईल वर केले होते. शेजारच्यांनी त्यांचे हात धरून खाली केले.

यानं सगळं गोड झालं असं कोणी समजू नये. दुसऱ्या दिवशी तेच लोक आमच्या कार्यालयावर आले आणि दोन तास मला आणि रेंजरसाहेबांना धारेवर धरलं. बरोबरच होतं त्यांचं. वाघ पुढं तीन आठवड्यांनी पिंजऱ्यात सापडला. कॅमेऱ्यांची परवानगी लक्ष्मीबाई गेल्यावर चौथ्या दिवशी आली. ते पत्र मी कितीदा वाचलं असेल, सांगता येत नाही. मला कारणे दाखवा नोटीसही मिळाली, जमावासमोर परस्पर चूक कबूल केल्याबद्दल. मी उत्तरात लिहिलं, की चूक झाली होती म्हणून कबूल केली. याउपर काही झालं नाही. या एका नोटिशीचा मला थोडा अभिमान आहे, हे लपवत नाही.

इंगळे मॅडमना फोन करून मी सगळं सांगितलं. माणसं बसत गेली तेही. त्या म्हणाल्या, "मी हे फळ्यावर लिहिते. तुम्ही ते पाहिलंत."

दहाव्या दिवशी मी पोडात गेलो. वर्दी घातली नव्हती. मला कोणी या म्हणालं नाही आणि जा म्हणालं नाही. शेवंताबाईनं चहा दिला आणि आपल्या कामाला लागली. वेचणी सुरू झाली होती, आता बाया चौघी-चौघींनी जात होत्या आणि धुऱ्यावर दोन माणसं राखणीला असत. ते त्यांनीच ठरवलं होतं.

माधव अंगणात बसला होता. मी कप घेऊन त्याच्याजवळ बसलो. चहा संपला. मग त्यानंच विचारलं.

"साहेब, तो चालला होता, तवा तुमी पाह्यला काय त्याले?"

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, चाळीस पावलांवरून गेला म्हणतात, पण मी नाही पाहिला, माझी पाठ होती.

"मंग कायकडं पाहत होते?"

"तुमच्याकडं," मी म्हणालो. "तुमच्या साऱ्यांकडं."

त्यानं मान हलवली, आणि चहाचा कप माझ्या हातातून घेऊन विसळायला उठला.